वेरोनिकाच्या गालावरचा तीळ

प्रांताच्या सरकारी कचेरीनं छापलेलं ते जाडजूड पुस्तक चायोंगनं आणून टेबलावर ठेवलं तेव्हा आलिंग लुमिंग वेरोनिकाच्या बाह्यांच्या लेसला इस्त्री करत होती. पुस्तकात प्रांतातली नामवंत माणसं होती आणि त्यांच्या घरांतल्या जुन्या पवित्र मूर्ती होत्या. डाव्या पानावर माणूस, उजव्या पानावर त्याच्या घरचा संत, अशी मांडणी. विल्यारासांच्या घराला समोरासमोरची पानं मिळाली होती. डावीकडे लुमिंगचे आजेसासरे डॉन अन्सेल्मो, ज्यांनी रचलेली शोकधून गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत गावचा बँड अजून वाजवतो. उजवीकडे त्यांनीच या तळ्याकाठच्या गावात आणलेली वेरोनिका, हस्तिदंती चेहऱ्याची, क्रूस वाहणाऱ्या येशूचा घाम पुसून झाल्यावर त्याचा चेहरा उमटलेलं फडकं दोन्ही हातांनी पुढे धरून उभी. चायोंग म्हणजे लुमिंगची नणंद. कुठलीही वस्तू वाटेत उघडून न बघता तिनं घरी आणली, असं तिच्या हयातीत झालं नव्हतं.

"बघ," ती म्हणाली, "माझ्या आजोबाला अर्धं पान आणि तुझ्या पोरीला सबंध. तेही रंगीत."

लुमिंगनं इस्त्री बाजूला ठेवली आणि पान बघितलं. फोटो गेल्या वर्षीचा, मिरवणुकीच्या आधी त्या कचेरीतल्या माणसानं मूर्ती खिडकीपाशी आणायला लावून काढलेला. त्यातल्या वेरोनिकाची डावी पापणी किंचित जड होती, खालचा ओठ जणू आता उलट उत्तर देणार असा एका बाजूला झुकलेला, आणि उजव्या गालावर मोहरीएवढा तीळ. लुमिंगची मुलगी मारिविकच ती, त्यात वादच नव्हता. चायोंग कॉफी पिऊन, टोमणे मारून गेल्यावर लुमिंगला पुस्तक घेऊन तळमजल्यावर जावंसं वाटलं, ते निव्वळ कौतुकापोटी. मिरवणुकीच्या रथाशेजारी कपाटासारख्या कोनाड्यात मूर्ती उभी असे. तिनं पडदा सारला, पुस्तक उघडून मूर्तीच्या चेहऱ्याशेजारी धरलं, आणि तशीच उभी राहिली.

गालावरचा तीळ फिकट झाला होता. चहाचा थेंब पडून वाळावा इतपतच तो आता उरला होता. पापणीही दोन्हीकडे सारखीच वाटत होती आणि ओठ सरळ झाला होता. लुमिंगनं चष्मा पुसला, खिडकी पूर्ण उघडली, पुन्हा बघितलं. मग स्वतःलाच समजावलं की लोक पुसतात, झिजायचंच. गावात चालच होती तशी. मिरवणूक संपून वेरोनिका घरी परतली की दारात रांग लागायची, प्रत्येकाच्या हातात रुमाल, तो मूर्तीच्या तोंडाहातांवरून फिरवायचा आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्याला, सुजलेल्या गळ्याला, पोराच्या कपाळाला लावायचा. एका वर्षात इतक्या रुमालांखालून गेलेला चेहरा नवा कसा राहील? हे सगळं खरं होतं, तरी जिना चढताना तिनं दोनदा मागे वळून बघितलं.

तो चेहरा तिथं आला तोही लुमिंगमुळेच. मारिविकची मुलगी जेनेल जन्मली ती निळी पडलेली, श्वास अडकलेला. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा मारिविकनं बाळंतपणाच्या खाटेवरूनच नवस बोलला की पोर जगली तर दर गुड फ्रायडेला ती अनवाणी, डोक्यावर काळी ओढणी घेऊन वेरोनिकाच्या रथाबरोबर चालेल, पोर मोठी होईपर्यंत. पोर जगली. मारिविक चालली, एकही वर्ष न चुकता. मग नवरा दुसरीकडे राहायला गेला, छपराचे पत्रे बदलायला झाले, आणि गावातल्या निम्म्या बायांसारखी मारिविकही परदेशी गेली, मिलानमध्ये एका म्हाताऱ्या बाईंना आंघोळ घालायला आणि भरवायला. पोर लुमिंगकडे राहिली. नवसही मागे राहिला.

मोडलेला नवस पोरीवर उलटेल, ही भीती लुमिंगनं कुणाला सांगितली नाही, पण तिला घास गोड लागेना. जेनेल जरा खोकली तरी ती स्वयंपाकघरातून धावत यायची. त्यातच छपराच्या गळतीनं वेरोनिकाच्या तोंडाचा रंग उडाला, नव्यानं रंगवणं भाग पडलं आणि लुमिंगला वाटलं, देवानंच वाट दाखवली. मारिविक चालू शकत नाही ना, मग तिचा चेहरा चालेल. रथावर उभा राहून चालेल. तिनं मारिविकचा फोटो पदरचा ठेवा असल्यासारखा रुमालात गुंडाळला आणि मँग तावियोच्या कारखान्यात गेली.

मँग तावियो, म्हणजे तावियोकाका, गावातला जुना कारागीर; संतांच्या चेहऱ्यांना रंग देणं आणि डोळे उघडणं हे काम त्याच्या घराण्याकडे होतं. फोटो बघून त्यानं तो परत तिच्यापुढे सरकवला.

"चेहरा मेलेल्याचा घेतो आम्ही," तो म्हणाला, "नाहीतर कुणाचाच नाही."

"फक्त तीळ घाल. आणि पापणी."

"तीळच कशाला मग? तीळच तर माणूस असतो."

लुमिंग बसून राहिली. रडली, नवसाचं सांगितलं, जेनेलचं निळं तोंड त्यानंही पाहिलं होतं त्याची आठवण दिली. शेवटी म्हातारा नरमला. चेहरा झाला तो इतका हुबेहूब की पहिल्या मिरवणुकीत लोक रथाकडे बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होते, आणि चायोंग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती की आमची पोरगी परदेशात जाऊन श्रीमंत होईल वाटलं होतं, ही तर थेट संत झाली. लुमिंग त्या दिवशी वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवली. आणि रांगेतल्या प्रत्येकाला तिनं स्वतःच्या हातानं पुढे केलं, पुसा, पुसा, नीट पुसा म्हणून.

पुस्तक आलं त्याच आठवड्यात मारिविकचा नेहमीचा फोन आला. पडद्यावर मिलानच्या स्वयंपाकघराची पिवळी भिंत आणि तिच्यापुढे ती. चित्र धूसर होतं. लुमिंग म्हणाली, जरा उजेडात ये. ती म्हणाली, उजेडातच आहे. मग नेहमीच्या गप्पा झाल्या. इकडचे रताळ्यांचे भाव, तिकडची थंडी, म्हाताऱ्या बाईंचा विसरभोळेपणा. रोज सकाळी त्या बाई तिला विचारायच्या, तू कोण, आणि ती रोज नाव सांगायची. पूर्वी नाव सांगितलं की त्यांना आठवायचं, आता त्या तिच्या तोंडाकडे बघून रडायला लागतात, हे मारिविकनं हसत हसत सांगितलं.

"आणि एक गंमत, नानाय," ती आईला म्हणाली. "हा फोन मला ओळखत नाही. चेहरा दाखवला की उघडायचा ना, आता उघडतच नाही. दुकानात नेला तर तो पोरगा म्हणतो फोन ठीक आहे. मग काय, आकडे दाबून उघडते."

"थंडीनं तोंड सुजलं असेल."

"सुजलं नाही, सोलल्यासारखं होतं. सारखी आग होते. तू लहानपणी रुमालाच्या टोकाला थुंकी लावून माझं तोंड खसाखसा पुसायचीस बघ, अगदी तसं वाटतं दिवसभर."

लुमिंगनं फोन जेनेलच्या हातात दिला. जेनेलनं आईला नवी वही दाखवली, पडलेल्या दाताची जागा दाखवली, आणि फोन बंद झाल्यावर आजीच्या कुशीत शिरून, जणू शाळेतली काही साधी बातमी सांगावी तशी म्हणाली, "लोला, नानायचं तोंड आपल्या साबणासारखं झालंय. संपायला आलेल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच लुमिंग मँग तावियोला घेऊन आली. म्हाताऱ्यानं मूर्ती उजेडात घेतली, डोळ्याला भिंग लावलं, अंगठ्याचं नख गालावरून हलकेच फिरवलं. किती वेळ तो वाकूनच होता. लुमिंगनं सांगून ठेवलं होतं की तीळ पुन्हा गडद कर, पापणी जड कर, पैसे काय ते सांग. तो सरळ झाला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"रंग झिजलेला नाही," तो म्हणाला. "वरचं रोगणसुद्धा तसंच आहे. मी घातलं होतं ते सगळं इथंच आहे, आलिंग लुमिंग. गेलंय ते मी घातलेलं नव्हतं."

"मग सगळं पुसून टाक. आधीचा चेहरा आण, कुणाचाच नसलेला."

मँग तावियोनं ब्रश कापडात गुंडाळायला घेतले होते. त्याचे हात थांबले. "आता पुसू म्हणतेस?" त्यानं विचारलं. कॉफी तशीच ठेवून तो निघून गेला, आणि पुढे ती त्याच्या घरी गेली की सून दारातूनच सांगायची की बाबा झोपलेत.

मग लुमिंगनं काच बसवून घेतली. कोनाड्याला काच, रथावर वेरोनिकाभोवती चारी बाजूंनी काच, आणि तिच्या कुलपाची किल्ली गळ्यातल्या क्रूसाशेजारी. उपासकाळात घरी येणाऱ्यांना ती सांगू लागली की पुस्तकात छापून आलेली मूर्ती आहे, कचेरीचा नियम आहे, हात लावायचा नाही. असा नियम कुणी केलेला नव्हता. खोटं बोलताना तिची जीभ अडखळायची, तरी ती बोलायची. रोज सकाळी काचेतून ती तिळाकडे बघे आणि तो कालच्याएवढाच आहे असं ठरवून वर जाई. मारिविकला तिनं काही सांगितलं नाही. काय सांगणार होती? तुझा चेहरा मी गावाच्या रुमालांखाली दिला, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

गुड फ्रायडेला मिरवणूक निघाली तेव्हा रस्त्याकडेचे लोक काचेकडे बघून कुजबुजले. डॉन अन्सेल्मोंची धून वाजत होती, मोगऱ्याच्या माळा काचेवर आपटत होत्या, आणि लुमिंग रथाला हात लावून चालत होती. तिची नजर रथावर कमी आणि लोकांच्या हातांवर जास्त होती. घरी परतल्यावर रांग लागलीच. गळ्याला गाठ आलेली एक बाई पलीकडच्या गावाहून होडी करून आली होती. तिनं काचेवरून रुमाल फिरवला, रुमालाकडे बघितलं, आणि लुमिंगच्या पायाशी बसली. लुमिंगनं मान फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा या घरातून माणसं रिकाम्या हातानं जात होती आणि प्रत्येक जण जाताना तिच्याकडे बघून जात होता. नारळाच्या दुधात शिजवलेल्या साबुदाण्याची पातेली तशीच राहिली.

"संत तुझ्या घरात राहते म्हणून तुझी झाली होय?" चायोंग म्हणाली. तिच्या बोलण्यात नेहमीची थट्टा नव्हती. "माझ्या आजोबानं ती गावासाठी आणली. पुसायला आणली. ती बाई आहेच कशासाठी, लुमिंग? पुसायलाच ना?"

लुमिंगला नणंदेचे पाय धरून सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण तिनं किल्ली घट्ट धरली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी मारिविकचा फोन आला. ती उड्या मारायची बाकी होती. आग थांबली होती. सबंध दिवसात एकदाही नाही, नानाय, आणि आज चर्चमध्ये आपल्या गावची तेसी होती, तिनं लांबून ओळखलं मला, गेला महिनाभर ती शेजारून जायची नुसती. लुमिंगनं पडद्यावर बोट ठेवलं. चित्र धूसरच होतं, पण त्यात काहीतरी होतं, गालावर काहीतरी होतं. त्या रात्री ती गाढ झोपली.

शनिवारी सकाळी जेनेल उठली ती तापानं फणफणून. आधी लुमिंग घाबरली नाही. गोळी दिली, कपाळावर ओली पट्टी ठेवली, रस्त्यात उन्हात चालली पोर, म्हणाली. ऊन वर आलं तसा श्वास बदलला. आत जाताना शीळ वाजायची आणि बाहेर यायला वेळ लागायचा. ओठांच्या कडेला निळसर रेघ दिसली तेव्हा लुमिंगनं हातातली पट्टी टाकली आणि ती उठली, कारण तो रंग तिनं एकदा पाहिला होता. आरोग्य केंद्राला सणाचं कुलूप होतं. चायोंगला हाक मारली तशी ती कालचं सगळं विसरून, चपला न घालताच तीनचाकी शोधायला पळाली, जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायला. गाव रिकामं होतं, गाड्यावाले सगळे तळ्यावर गेलेले. लुमिंग पोरीला उचलून तळमजल्यावर, दाराशी आणून बसली, गाडी आली की वेळ जायला नको म्हणून.

पोरीचे डोळे वर फिरत होते. रथ समोरच होता. उन्हाची तिरीप काचेवर पडली होती आणि काचेआड ती फडकं पुढे धरून उभी होती, कालच्याच कपड्यांत.

लुमिंग तिथून नजर काढायचा प्रयत्न करत राहिली. रस्त्यावर कुठं इंजिनाचा आवाज येतो का ते ऐकत राहिली. आवाज आला नाही. मांडीवर शीळ वाजायची थांबली, मग पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा बारीक. "नको," ती मोठ्यानं म्हणाली, कुणाला ते तिलाही कळलं नाही. मग तिनं पोरीला चटईवर ठेवलं, गळ्यातली किल्ली काढली आणि काच उघडली.

आधी तिनं रुमाल मूर्तीच्या हातावरून फिरवला. फक्त हातावरून. तो जेनेलच्या छातीवर ठेवला आणि वाट बघितली. ओठ निळेच राहिले. आत शिरलेला श्वास बाहेर येईना, पोरीची बोटं चटईच्या काड्या खरवडू लागली. लुमिंग पुन्हा उठली. रथाच्या पायरीवर चढून ती त्या चेहऱ्यासमोर आली; इतक्या जवळून तिनं तो कधीच बघितला नव्हता. पापणी जड होती. ओठ उलट उत्तर द्यायच्या बेतात होता. तीळ काल रात्रीपेक्षा गडद होता. "माफ कर ग," ती म्हणाली, "तुझीच पोर आहे ना ती." आणि तिनं डाव्या हातानं ती हनुवटी धरली, सवयीनं रुमालाचं टोक जिभेला लावून ओलं केलं, आणि गाल पुसला. मग कपाळ. मग डोळे, ओठ, सगळं, नीट.

चायोंग तीनचाकी घेऊन आली तेव्हा जेनेल चटईवर बसून पाणी मागत होती. तरी त्यांनी तिला नेलंच. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं छाती तपासली, पुन्हा तपासली, आणि कुणी सांगितलं हिला श्वास लागला होता म्हणून, असं जरा रागानंच विचारलं. वाटेत चायोंग रडली आणि हसली, जेनेलला पाव आणि नारळाचं पाणी घेऊन दिलं, आणि लुमिंगला म्हणाली की तोंड असं काय केलंयस, पोर हाती लागली ना. लुमिंग हो म्हणाली. तिची मूठ झग्याच्या खिशात होती आणि ती तिनं घरी येईपर्यंत बाहेर काढली नाही.

घरी आल्यावर तिनं रथाकडे बघितलं नाही, पाठमोऱ्यानंच पडदा ओढून घेतला. दुपारचं ऊन खिडकीतून जेवणाच्या टेबलावर आलं होतं. जेनेल पुस्तक उघडून चित्रं बघत बसली होती. डॉन अन्सेल्मोंचं पान आलं तशी तिनं समोरच्या पानावर बोट ठेवून विचारलं, "लोला, ही कोण?" लुमिंगनं पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर मिलानची पिवळी भिंत आली, कामाचा निळा झगा आला, गळ्यातली तिनंच दिलेली साखळी, खांद्यावर मोकळे सोडलेले केस. चित्र आज मुळीच धूसर नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाचे काटेसुद्धा स्वच्छ दिसत होते. लुमिंगनं जेनेलला पलीकडच्या खोलीत जायला खुणावलं.

"नानाय, आज कसं शांत वाटतंय," मारिविकचा आवाज आला, अगदी तिचाच, सर्दी झाल्यासारखा किंचित बसका. "पहाटे वाटलं, कुणीतरी हळूच पुसलं. तुझ्यासारखं. मग झोपच लागली. म्हाताऱ्या बाईंनी हाका मारल्या म्हणतात, मला कळलंसुद्धा नाही. इथल्या आरशाचं काय झालंय कोण जाणे, म्हणून तुला विचारते. मी नीट दिसतेय ना?"

लुमिंगनं खिशातून मूठ काढून टेबलावर उघडली. रुमालाची घडी उन्हात आपोआप सुटली आणि आत मोहरीएवढा तीळ दिसला. तिनं तो तळहातानं सारखा केला आणि त्याच्याकडे बघत, पडद्याकडे न बघता, म्हणाली, "हो बाळ. दिसतेस ना."